शनिवारची मतं

माझ्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. कॅनडात उभा जन्म गेला, इथल्या लायब्ररीत नोकरी केली, साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना पहिल्या नावाने हाका मारल्या. पण घरात 'अहो' आणि बाहेर 'हे', ते काही सुटलं नाही. तेव्हा इथे 'हे' म्हणजे माझे यजमान. मागच्या ऑक्टोबरात ते गेले.

हे इंजिनीअर होते. ग्वेल्फमधल्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात, तिथे त्यांनी निवृत्तीपर्यंत काम केलं. त्यांचे दोन मित्र. एक कान-नाक-घशाचे डॉक्टर, दुसरे अर्थशास्त्राचे प्रोफेसर. तिघंही साधारण एकाच काळात या देशात आले. एकमेकांच्या मुलांची बारशी जेवले, लग्नांत वऱ्हाडी म्हणून मिरवले, आणि निवृत्त झाल्यावर दर शनिवारी सकाळी आमच्या बेसमेंटमध्ये जमून जगाचा निकाल लावू लागले.

त्यांचा एक नियम होता. कोणी ठरवलेला नव्हता, पण कडक पाळला जायचा. ज्याचा जो विषय, त्यावर त्याने बोलायचं नाही. व्याजाचे दर वर जाणार की खाली, हे डॉक्टर छातीठोकपणे सांगायचे आणि प्रोफेसर बिस्किट बुडवत ऐकायचे. लस कशी बनते यावर प्रोफेसर बोलायचे. पूल का कोसळतात याबद्दल दोघंही बोलायचे, आणि आयुष्यभर लोखंडाशी झटलेले हे गप्प. मी एकदा यांना विचारलं, "तुम्ही का नाही सांगत त्यांना?"

म्हणाले, "स्वतःच्या विषयात माणसाला जपून बोलावं लागतं. मग शनिवारची मजा काय राहिली?"

युद्ध आणि माणसाचा स्वभाव हे दोन विषय कोणाचेच नव्हते, म्हणून ते तिघांचेही होते.

मी वर स्वयंपाकघरात असायची. फर्नेसची गरम हवा वर येण्यासाठी ओट्याजवळ जमिनीत एक जाळी आहे. तिच्यातून हवेबरोबर खालचा शब्द न् शब्द वर येतो. पोहे परतताना मी कितीतरी युद्धं जिंकलेली आणि हरलेली ऐकली आहेत. हे नेहमी उलट बोलायचे. प्रोफेसर म्हणाले की लढाई उन्हाळ्यापर्यंत आटोपेल, की हे म्हणणार, "दहा वर्षं चालेल, लिहून घे." डॉक्टर म्हणाले की दहा वर्षं चालेल, की हे म्हणणार, "छे, दिवाळीपर्यंत तह होतो बघ." यांना दोन्ही पटत नसे. समोरच्याला पुरतं बोलतं करायचं, एवढंच त्यांना हवं असायचं. मुलगी लहान असताना याला वैतागायची. "बाबा, यू डोन्ट ईव्हन बिलीव्ह दॅट!" हे हसायचे.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी खाली दक्षिणेकडच्या शेजारी देशाने लावलेल्या टॅरिफची चर्चा चालली होती. गाड्यांच्या धंद्याचं आता काय होणार, ते डॉक्टर सांगत होते. मध्येच हे म्हणाले, "अरे, दोन दिवस हा डावा खांदा धरल्यासारखा झालाय. जिना चढलो की जास्त."

डॉक्टर म्हणाले, "अंगणातली पानं ओढलीस ना परवा दाताळ्याने? स्नायू आखडलाय. आणि काल ती भजी हाणलीस, त्याची अॅसिडिटी. घशाच्या खालचं मला काही कळत नाही म्हणा, पण हे कोणीही सांगेल."

प्रोफेसर म्हणाले, "आपल्या वयात सकाळी उठल्यावर काही दुखलं नाही, तर आपण गेलो असं समजावं."

तिघं हसले. मग पुन्हा टॅरिफ. एवढंच बोलणं झालं. मी वर कोथिंबीर चिरत होते, ती चिरून झाली नाही तोवर विषय संपलाही होता.

मंगळवारी दुपारी हे पानं भरायच्या कागदी पिशव्या आणायला गेले. दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये, ट्रॉल्या ठेवतात त्या आडोशापाशी कोसळले. एक अनोळखी माणूस यांची छाती दाबत राहिला, कोणी नाइन वन वनला फोन केला. आमच्या दारात एक तरुण पोलीस बाई आली. आत येताना तिने विचारलं, बूट काढू का? मी म्हटलं, राहू द्या. ती बोलत होती तेव्हा मी तिच्या बुटांखाली आलेलं ओलं पान बघत होते. नंतर ते उचलून मी कचऱ्यात टाकलं आणि हात धुतले.

मॉन्ट्रियलहून मुलगी आली. ती तिथे विमानांच्या कंपनीत आहे. तिने सगळं केलं. फ्यूनरल होममध्ये भटजी होते, फुलं होती, भिंतीवरच्या पडद्यावर भारतातले नातेवाईक चौकोनाचौकोनांत दिसत होते. इथे अग्नी द्यायचा म्हणजे बटण दाबायचं. ते मुलीने दाबलं. मी बाजूला उभी होते. मला वाटलं, आता रडू येईल. दात काढण्याआधी इंजेक्शन देतात, मग आपलाच ओठ आपल्याला लाकडासारखा लागतो, तसं सगळं लागत होतं. प्रोफेसर इंग्रजीतून चार शब्द चांगले बोलले. डॉक्टर मागे, कोट टांगतात तिथे उभे होते. त्यांनी मला नमस्कार केला, जवळ आले नाहीत.

मुलगी परत गेली. जाताना म्हणाली, "आई, कम विथ मी. व्हाय डू यू वॉन्ट टू बी अलोन हिअर?" मी म्हटलं, बघू.

पुढच्याच शनिवारी सकाळी बेल वाजली. दोघं दारात, टोप्या हातात.

प्रोफेसर म्हणाले, "वहिनी, आज शनिवार. म्हणजे, तुम्हाला चालणार असेल तर..."

मी म्हटलं, "या की."

ते सवयीने खाली उतरले. मी सवयीने चहा टाकला. जाळीतून आवाज येऊ लागला, पण तो आवाज वेगळाच होता. प्रोफेसर म्हणाले, यंदा बर्फ लवकर पडणार. डॉक्टर म्हणाले, असेल. प्रोफेसर म्हणाले, व्याजाचे दर उतरतील. हा तर त्यांचाच विषय; त्यांनी नियम मोडला होता, आणि डॉक्टरांनी तो मोडूही दिला. म्हणाले, उतरतील. मी चहा घेऊन खाली गेले तर दोघं तिसऱ्या खुर्चीकडे न बघता दोन बाजूंना बघत बसले होते.

असे काही शनिवार गेले. बर्फ पडलं. प्रोफेसर माझ्या ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करू लागले, मी नको म्हणत असताना. डॉक्टर प्रत्येक गोष्टीवर एकच उत्तर द्यायचे, "सांगता येत नाही." युद्ध कधी थांबेल? सांगता येत नाही. ही विचार करणारी यंत्रं आली, ती माणसांच्या नोकऱ्या खातील का? सांगता येत नाही. एकदा प्रोफेसर चिडले. "अरे, तुला काय विद्यापीठात पेपर वाचायचाय का? काहीतरी बोल ना! चूक बोल!"

डॉक्टर म्हणाले, "चूक बोलायला नको वाटतं रे आता."

प्रोफेसरांना काही कळलं नाही. त्यांना तो ऑक्टोबरातला शनिवार आठवतही नव्हता. आपण केलेला विनोद तर नव्हताच नव्हता. मला वर ऐकताना कळलं. डॉक्टर ते रोज आठवत होते.

त्याच दिवशी डॉक्टर रिकामे कप घेऊन वर आले. आजवर कधी त्यांनी कप उचलला नव्हता. प्रोफेसर खाली वॉशरूममध्ये गेले होते. डॉक्टर सिंकपाशी उभे राहिले, कप विसळले, पुन्हा विसळले.

"वहिनी, त्या शनिवारी तो मला खांद्याचं बोलला होता."

मी म्हटलं, "मला माहीत आहे. वर सगळं ऐकू येतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण इथे काय काय बोललो, ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून गेलं असावं. मग ते म्हणाले, "म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"हो."

"आणि तुम्ही मला चहा देत होतात."

चहा तर मी देतच होते. मी त्यांच्या हातातले कप घेतले आणि रॅकवर उपडे ठेवले. खाली फ्लशचा आवाज झाला, प्रोफेसर जिना चढू लागले. डॉक्टरांनी कोट घातला, आणि त्यानंतर ते येईनासे झाले.

लोकांना वाटेल, मी त्यांच्यावर रागावले असेन. मी राग शोधला. खरंच शोधला. सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मी मुद्दाम तो संवाद आठवायची, 'हे कोणीही सांगेल' हे शब्द पुन्हा पुन्हा म्हणायची, कुठे काही पेटतंय का बघायची. काही होत नसे. मग उठून दात घासायची. आलेल्यांशी नीट बोलायची. ग्रोसरी आणायची. अनेकदा दोघांच्या मापाची आणायची आणि उरलेलं फ्रीजरमध्ये टाकायची. मुलगी फोनवर विचारायची, "हाऊ आर यू फीलिंग?" तिला काय सांगावं कळत नसे. थंडी किती आहे ते सांगायची.

डॉक्टर यायचे थांबले तरी प्रोफेसर येत राहिले. एकटेच. हे फार अवघड होऊन बसलं. खाली एकट्याने काय बसायचं, म्हणून ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसू लागले. त्यांची बायको वारली, त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा वॉन शहरात, गोदामांच्या कुठल्याशा धंद्यात; त्याला वेळ नसे. ते मला महागाई समजावून सांगायचे. चांगलं सांगायचे, कोणे एके काळी मुलं वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी बसत असतील. पण सांगून झालं की माझ्याकडे बघायचे, आणि मी म्हणायची, "हो का." त्यांचा चेहरा उतरायचा.

एकदा ते म्हणाले, "वहिनी, माणूस मुळात स्वार्थी असतो. फायदा दिसल्याशिवाय हलत नाही."

मी कांदा चिरत होते. मी म्हटलं, "खोटं आहे."

ते सावरून बसले. "कसं खोटं?"

"मग तुम्ही माझा ड्राइव्हवे का साफ करता?"

"मला चहा मिळतो!"

"चहा तुम्हाला घरीही मिळतो. आणि माझा पाणचट असतो, असं तुम्ही खाली कितीदा म्हणालात."

ते आधी ओशाळले आणि मग असे हसले की त्यांना ठसका लागला. मग तासभर तावातावाने बोलले. मला खरं तर माणूस स्वार्थी असतो की नसतो याचं काही पडलेलं नव्हतं. हातात सुरी होती, तोंडातून 'खोटं आहे' निघालं. पण त्या तासात घरात आवाज होता. ते गेल्यावर पुन्हा शांतता झाली, आणि ती मला पहिल्यांदाच ऐकू आली.

पुढच्या गुरुवारी मी गाडी काढली आणि डॉक्टरांकडे गेले. गाडीला विंटर टायर्स यांनीच वेळेआधी लावून घेतले होते. डॉक्टरांच्या बायकोने दार उघडलं. "अगं, ये ये. फोन तरी करायचास. हे खालीच असतात हल्ली. बोलत नाहीत, टीव्ही बघतात." ती मला खाली घेऊन गेली आणि काही न विचारता वर निघून गेली. तिला माहीत होतं की नाही, ते मला कधी कळलं नाही.

टीव्हीवर युद्धाच्या बातम्या होत्या, आवाज बंद केलेला. डॉक्टरांनी दाढी केली नव्हती. मला पाहून उभे राहिले.

"बसा," मी म्हटलं. "शनिवारी का येत नाही?"

"काय तोंडाने येऊ?"

"प्रोफेसर एकटे येतात. मला त्यांचं ऐकत बसावं लागतं."

त्यांनी थोडं हसल्यासारखं केलं, ते जमलं नाही. म्हणाले, "वहिनी, तुम्ही एकदा माझ्यावर ओरडा. शिव्या द्या. मी ऐकून घेईन."

"येत नाही मला. मी प्रयत्न केला."

"म्हणजे माफ केलंत?"

"तेही नाही. दोन्ही जमत नाहीये."

ते पडद्याकडे बघत राहिले. तिथे एका पडक्या इमारतीतून एक बाई गादी ओढून बाहेर काढत होती. मग त्यांनी जे विचारलं, ते विचारायचं म्हणूनच ते महिनोन्महिने या खोलीत बसले असावेत.

"मी त्याला म्हटलं असतं, उठ, आत्ता इमर्जन्सीत चल. तर तो आला असता का?"

मला उत्तर तयार दिसत होतं. नसते आले हो. तुम्ही म्हटलं असतं चल, तर हे म्हणाले असते, काही झालेलं नाही. उलट बोलणं हा त्यांचा स्वभाव. असं म्हटलं असतं की डॉक्टरांच्या छातीवरचा दगड उतरला असता, आणि कदाचित ते खरंही असेल. पण हेही खरं की डॉक्टरांचा शब्द हे मानायचे. कानात दडा बसला तरी आधी डॉक्टरांना फोन. मला दोन्ही दिसत होती, आमच्या कोटाच्या हुकापाशी उभी असलेली दोन माणसं: एक कोट घालणारा, एक न घालणारा. त्यातला माझा नवरा कुठला, ते मला ओळखता येईना. इतका संसार करून.

मी म्हटलं, "सांगता येत नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. हळूहळू, पुष्कळ वेळ. मग खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. माझा हात त्यांच्या खांद्यावर ठेवावा, असं मनात आलं, पण हाताला ते कळवायचं राहून गेलं.

निघताना मी म्हटलं, "परवा शनिवार आहे. वर स्वयंपाकघरात बसतो आम्ही आता. खाली फार थंडी असते."

"मी काय बोलू तिथे? मला आता कशावर मतच नाही."

"मलाही नाही. तरी बोलते."

ते त्या शनिवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आले ते बर्फ वितळायला लागल्यावर, बूट चिखलाने भरलेले, हातात बायकोने दिलेला लाडवांचा डबा. प्रोफेसरांनी त्यांना बघून फक्त आपली खुर्ची सरकवली. त्या खांद्याच्या बोलण्याचं प्रोफेसरांना मी अजूनही काही सांगितलेलं नाही.

पहिल्याच दिवशी पूर्वीसारखं झालं, असं काही नाही. डॉक्टर बराच वेळ लाडवाचे तुकडे करत बसले. प्रोफेसर म्हणत होते, पहिल्या बर्फात दरवर्षी अपघात होतात, कारण माणूस मार्चमध्ये शिकलेलं नोव्हेंबरपर्यंत विसरतो. मी म्हटलं, विसरत नाही, प्रत्येकाला वाटतं की घसरणार तो दुसरा. डॉक्टर तुकडा तोंडात टाकता टाकता थांबले. म्हणाले, "दोघंही चूक. घाई असते माणसाला." आणि मग एकदम घाबरून माझ्याकडे बघितलं.

"काय घाई असते?" मी म्हटलं. "निवृत्त माणसांचे अपघात होतात की."

"निवृत्तांनाच जास्त घाई असते, वहिनी," ते म्हणाले, आणि प्रोफेसरांनी टेबलावर हात आपटला, कारण त्यांना ते अजिबात मान्य नव्हतं.

आता एक नवीनच त्रास झाला आहे. कोणी जरा शरीराचं काही बोललं की डॉक्टर हातातलं ठेवून उठतात. मे महिन्यात प्रोफेसर म्हणाले, आज सकाळपासून जरा गरगरतंय. डॉक्टरांनी त्यांना कोट घालायला लावला आणि सरळ इमर्जन्सीत नेलं. मीच गाडी चालवली. दुपार टळून गेली तरी नंबर येईना. त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर प्रोफेसर संतापून या देशातली आरोग्यव्यवस्था कशी बुडाली ते डॉक्टरांना सांगत होते, आणि डॉक्टर स्वतःचाच विषय असूनही पहिल्यांदा बोलत होते, तेही मोठ्याने. समोरच्या बाईने दोनदा वळून पाहिलं. शेवटी कळलं की प्रोफेसर पुरेसं पाणी पीत नाहीत.

"यासाठी दिवस घालवला!" प्रोफेसर म्हणाले.

"घालवला," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वेळीही घालवू."

जूनमध्ये मी आठवडाभर मॉन्ट्रियलला राहून आले. मुलीने नदीकाठी फिरवलं, दुकानात माझ्या वतीने फ्रेंच बोलली. सकाळी मी खिडकीत बसून होते, तर ती कॉफी घेऊन जवळ आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, तू घर विक. इकडे ये." तिने ते वाक्य तयार करून आणलं होतं, हे मला कळलं. मी म्हटलं, "एक हिवाळा अजून बघते."

"बट व्हॉट इज देअर, आई? काय आहे तिथे?"

मी विचार केला. सांगण्यासारखं खरंच काही नव्हतं. मी म्हटलं, "दोन म्हातारे येतात."

"अँड यू टॉक अबाउट व्हॉट?"

"कशाबद्दलही. कोणाला काही कळत नाही."

माझे डोळे कोरडे होते, तिचे भरले होते. मी तिच्या हातातली कॉफी घेतली, ती फार कडू होती, आणि मी ते तिला सांगितलं.